खांबाचा दुसरा कॅमेरा

त्याला सगळे खांब म्हणत. खरं नाव होतंच, पण ते फक्त बँकेच्या आणि दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गिरणीची चिमणी पाडली, तेव्हा तो खांद्यावर कॅमेरा घेऊन समोर उभा होता. चिमणी कलली, गुडघ्यात मोडली, आणि धुळीचा लोट उठून माणसांच्या अंगावर आला. बघायला जमलेले पळाले, पोलीस पळाले, ज्याने ती पाडायचा ठेका घेतला होता तो तर सगळ्यांच्या पुढे पळाला. हा हलला नाही. धूळ खाली बसली तेव्हा लोकांना एक पांढरा पुतळा दिसला, आणि पुतळ्याच्या खांद्यावरचा कॅमेरा अजून चालूच होता. "हा माणूस आहे का खांब?" असं कुणीतरी म्हणालं. ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे लग्नानंतर बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना म्हणू लागली, "आमचे खांब अजून आले नाहीत."

नावाचा त्याला अभिमान होता. ट्रायपॉड त्याच्याकडे होता, पण तो घरातल्या कोपऱ्यात तीन पाय फाकून उभा असे आणि बायको त्यावर ओले टॉवेल वाळत घाली. ज्याचा हात हलतो त्याने ट्रायपॉड वापरावा, असं तो म्हणायचा. हे तो म्हणायचा तेव्हा त्याचं वय तीस होतं. आता चौपन्न.

धंदा हळूहळू ओसरला. एका दिवसात नाही. विहीर आटते तसा, रोज एक बोट. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. शाळेचा कार्यक्रम पालकच टिपू लागले, निवृत्त होणाऱ्या साहेबाचं भाषण शिपाईच फोनवर घेऊ लागला. दुसऱ्या गावात नोकरी करणारी मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आता पुरे की. खांदा बघा तुमचा, एक वर, एक खाली." तो म्हणायचा, "टाकीचं काम आहे तोवर आहे."

टाकीचं काम म्हणजे वर्षातून दोन दिवस. शहराला पाणी देणारी जमिनीखालची मोठी टाकी साफ करायला रिकामी करत. आत उतरलं की एखाद्या ओसाड सभागृहात आल्यासारखं वाटे. जाड खांबांच्या रांगा, ओली जमीन, आणि कुठूनतरी थेंब पडल्याचा आवाज, जो कधी नेमका सापडत नसे. चारही भिंतींवर केसाएवढ्या भेगा होत्या. प्रत्येक भेगेशेजारी लाल रंगात आकडा घातलेला. खांबाने भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून दोन हात अंतर ठेवून, खेकड्यासारखं आडवं चालत सगळ्या भिंती टिपायच्या. एका सेकंदाला एक पाऊल. कमी नाही, जास्त नाही. मग इंजिनिअर बाई मागच्या वर्षीची आणि यंदाची अशा दोन फिल्म दोन पडद्यांवर शेजारी शेजारी लावत. पावलं इतकी जुळत की दोन्हीकडे एकाच क्षणी तोच आकडा येई, आणि कोणती भेग वाढली, कोणती होती तशी आहे, ते नुसतं डोळ्यांनी कळे. अकरा वर्षं हे चाललं होतं. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नोकरीत नवीन होत्या. आता त्यांच्या कानामागचे केस पांढरे झाले होते.

शहरातल्या कुणालाही हे काम माहीत नव्हतं. नळ सोडला की पाणी येई, एवढंच लोकांना ठाऊक. पण खांबाला वाटे, आपण आडवं चालतो म्हणून ती भिंत उभी आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात हलू लागला. आधी चहाच्या कपात दिसलं. मग बटण लावताना. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला भीती नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल. थोडंच कमी झालं. मागच्या वर्षी टाकीत चौदा नंबरच्या भेगेपाशी हात असा काही थरथरला की अकरा पावलांपर्यंत चित्र स्थिर झालं नाही. पुढेही तीनचार ठिकाणी तसंच. बाईंनी फिल्म बघून फोन केला होता, "दादा, चौदाला काय झालं?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "दिव्याची वायर पायात आली, मॅडम." बाई म्हणाल्या, "बरं." एवढ्यावर ते मिटलं. म्हणजे बाईंच्या बाजूने मिटलं.

यंदा सोमवारी त्यांचा निरोप आला. टाकीतला लोखंडी जिना गंजला म्हणून काढून टाकलाय, नवा अजून बसलेला नाही, वरच्या झाकणातून शिडीने उतरावं लागेल, दोन्ही हात मोकळे हवेत. वरच्या पंपघराच्या भिंतींसाठी नेहमीचा मोठा कॅमेरा आणा, आतल्यासाठी चालता चालता टिपता येईल असा लहान बघा. शुक्रवारी सकाळी आठ.

हातात तीन दिवस होते. खांब भिंग्याकडे गेला.

भिंग्या म्हणजे कॅमेरे विकणारा आणि दुरुस्त करणारा, त्याच्याच वयाचा. चष्मा इतका जाड की डोळे बशीएवढे दिसत. दुकान बोळासारखं अरुंद. दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला दुसऱ्याच्या मागे उभं राहावं लागे.

"ये खांबा. आज कुणाचा डोळा फुटला?"

"लहान कॅमेरा पाहिजे. चालता चालता काढायला."

भिंग्याने चष्मा कपाळावर चढवला. "तुला? अरे, दहा वर्षं घसा फोडून सांगतोय, एक लहान घेऊन ठेव, घेऊन ठेव. तेव्हा काय म्हणायचास? खेळणी पोरांना द्या."

"टाकीचा जिना काढलाय. शिडी आहे."

"शिडी आहे का. म्हणजे शेवटी शिडीचं ऐकलंस, माझं नाही." त्याने काउंटरवर फडकं पसरलं आणि एकेक वस्तू मांडली. "ही बघ कोंबडी."

दांड्यावर मान आणि मानेवर इवलासा डोळा, असं ते यंत्र होतं. भिंग्याने दांडा हातात धरून गदागदा हलवला. डोळा जागचा हलला नाही. "कोंबडी हातात धरून हलवलीयस कधी? अंग कुठेही जाऊ दे, डोकं तिथल्या तिथे. ही तशीच. हात कितीही हलू दे, चित्र हलायचं नाही."

खांबाने त्याच्याकडे पाहिलं. भिंग्या फडक्याची सुरकुती काढत होता.

"माझा हात हलतो असं कुणी सांगितलं?"

"मी कुठे म्हटलं? मी कोंबडीचे गुण सांगतोय."

दुसरी होती डबी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, डोंगरावरून उड्या मारणाऱ्यांसाठी केलेली, पाण्यातही चालणारी. तिसरा जरा जुन्या घडणीचा, मुठीत मावणारा, हाताच्या पाठीवरून जाणारा पट्टा आणि बाजूला उघडणारा लहान पडदा. भिंग्या म्हणाला, "हा कुणी घेत नाही आता. फार चलाखी नाही याच्यात. जे समोर आहे ते दाखवतो, जसं आहे तसं."

"तिन्ही दे. बघून सांगतो."

"ने. पण कोंबडीची मान मोडलीस तर मी जोडून देणार नाही, आधीच सांगतो. आणि खांबा, उजव्या हाताने घे की. डाव्याने काय घेतोस?"

खांब तिन्ही पिशवीत घालून निघाला.

त्यांच्या गल्लीत एका बंद गोदामाची लांबलचक भिंत होती, भेगांनी भरलेली. त्याने बायकोला खडू घेऊन सोबत नेलं. बायको घरी शिवणयंत्रावर कपडे उसवून लहानमोठे करून द्यायची, दिवसभर मान खाली घालून बसलेली असे, म्हणून म्हणाली, "चला, तेवढंच चालणं होईल." तिने भेगांशेजारी आकडे घातले, एक ते वीस. समोरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "अहो, भिंत विकत घेताय का?"

"मोजून घेतोय, आजी," बायको म्हणाली. "पुढच्या महिन्यात उचलून नेणार."

खांब कोंबडी घेऊन आडवा चालला. घरी टीव्हीला जोडून बघितलं तर चित्र लोण्यासारखं. हाताची थरथर त्या यंत्राने पार गिळून टाकली होती, ढेकरसुद्धा दिली नव्हती. बायको म्हणाली, "झालं की काम. हाच घ्या." पण तो पडद्याजवळ जाऊन बसला. कोंबडीचा डोळा दूरवर पसरून बघणारा. दोन हातांवरून भेग दिसली ती कोळ्याच्या धाग्याएवढी, आकडा तर मुंगीसारखा. मागच्या वर्षीच्या फिल्मशेजारी ही लावली तर हत्तीशेजारी उंदीर. जवळ जावं तर मागच्या वर्षीचं अंतर मोडतं. शिवाय वरून पाणी ठिबकणाऱ्या जागी त्या नाजूक मानेचा भरवसा काय?

डबीने तर कहर केला. सरळ भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. चित्र स्थिर ठेवायला ती कडा कापायची, पुन्हा जोडायची, त्यामुळे भेग श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होत होती. "हिला भिंतीसमोर नेऊ नका," बायको म्हणाली. "भिंत बाळंत होईल."

राहिला मुठीतला. त्याने अंतर, आकड्याचं माप, सगळं नेहमीच्या फिल्मला जुळवून दिलं. भिंत सरळ, भेग भेगेसारखी. पण थरथरही जशीच्या तशी. अंग चोरून, कोपर बरगडीला दाबून, श्वास धरून तो चालला, तरी मुठीतल्याने काही झाकलं नाही. खांब टीव्हीसमोर बसून स्वतःचा हात बघत राहिला. त्याला थकल्यासारखं झालं. चालून आलेला थकवा नव्हता तो. अर्ध्या तासाच्या झोपेने जाईल असला नव्हता.

बुधवारी दुपारी त्याने पुन्हा एकदा मुठीतला घेतला. आवाज नको म्हणून बटण दाबल्यावर होणारी त्याची टिकटिक बंद करून टाकली, पट्टा आखूड करून गळ्यात अडकवला, आणि लोंबकळून आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरला. बायको पुढे, तो मागे. भिंतीपाशी आल्यावर बटण दाबलं, कॅमेरा मुठीत घेतला, वीस आकडे चालला, पुन्हा बटण दाबलं, कॅमेरा छातीशी धरून घरी आला.

टीव्ही लावला. पडद्यावर जिना आला. घराचा जिना.

त्याच्या धंद्यात या चुकीला नाव नाही, कारण ज्याच्या हातून होते तो ती कुणाला सांगत नाही. बटण घरातच दाबलं गेलेलं असतं, कळत नाही. मग जिथे सुरू करायचं तिथे बंद होतं आणि जिथे बंद करायचं तिथे सुरू. मोठ्या कॅमेऱ्यात डोळ्यासमोरच लाल ठिपका पेटतो. या लहानग्याचा ठिपका पुढच्या बाजूला होता, दुसऱ्याला दिसेल असा. सव्वीस वर्षांत खांबाने ही चूक केली नव्हती. आता कुणी शिकाऊ माणूस बघायला नव्हता हेच नशीब. तो बंद करायला उठला.

"थांबा हो," बायको म्हणाली. "बघू द्या."

पडद्यावर ती स्वतः चालत होती. पाठमोरी, खडू हातात, डाव्या पायावर किंचित जास्त भार देत. ती पुढे वाकली. "माझी पाठ इतकी वाकलीय?" तिने विचारलं. ती थोडा वेळ आपल्याच पाठीकडे बघत राहिली आणि मग तिने पदराने चष्मा पुसला. "बरं. पण एक सांगा, हे हलत का नाहीये?"

खरंच हलत नव्हतं. जिना उतरताना नाही, खड्डा ओलांडताना नाही. भिंत येईपर्यंतची सगळी वाट पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं डोक्यावरून न्यावं तशी आली होती.

खांब परत खाली बसला. "हात नव्हता त्याला," तो म्हणाला. "छातीवर होता. चाललंय ते पायांनी."

तिने शिलाईच्या चिंध्यांतून एक रुंद पट्टी काढून कॅमेरा त्याच्या छातीवर आवळून बांधला, आणि दोघं तिसऱ्यांदा गोदामापाशी गेली. खिडकीतली म्हातारी म्हणाली, "आता काय, भिंतीला दूध पाजताय?" तो आडवा चालला, हात नुसते खाली सोडून. एका सेकंदाला एक पाऊल. संध्याकाळी टीव्हीवर सगळे वीस आकडे एकामागून एक शांतपणे सरकत गेले. पायांनी काही विसरलं नव्हतं.

बायको यंत्रावर बसली. जुन्या दप्तराचे पट्टे, जाड कापड, दोन बकलं. मापासाठी त्याला उभं केलं. "हलू नका," ती म्हणाली आणि मग स्वतःच हसली. त्यालाही थोडं हसू आलं. ती शिवत असताना त्याने हातातली फिल्म आणि छातीवरची फिल्म आलटूनपालटून लावली. कात्री शोधायला उठलेली बायको पडद्यापाशी थबकली.

"ही सात नंबरची भेग ना? मघाशी सुतळीएवढी होती. आता केसाएवढी कशी?"

"मघाची हललेली आहे. हललं की कडा फाकते, रेघ जाड दिसते."

रिमोट त्याच्या मांडीवर पडून राहिला.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट सरळ रेषेत चालत आली. मागच्या वर्षीची चौदा नंबरची फिल्म हललेली. म्हणजे तिथे भेग होती त्यापेक्षा जाड दिसते. यंदा तो स्थिर फिल्म देईल. भेग वाढलेली असली तरी ती मागच्या जाड रेघेशेजारी बसेल, आणि बाई दोन्ही पडदे बघून लिहितील: बदल नाही. भिंत वर्षभर सरकली असेल, आणि कागदावर ती जागच्या जागी राहील.

गुरुवारी कोंबडी आणि डबी परत करायला तो भिंग्याकडे गेला. मुठीतला ठेवतो म्हणाला. पट्टाही दाखवला. भिंग्याने तो उलटसुलट करून बघितला. "वहिनींच्या हाताला सोनं आहे. दुकानात ठेवू का असले चार?" मग खांबाने त्याला हाताचं सांगितलं, चौदा नंबरचं सांगितलं, वायरचंही. भिंग्या बराच वेळ एका पेचकसाने दुसरा पेचकस साफ करत बसला.

"तुझा हात मला दीड वर्षापूर्वी दिसला," तो म्हणाला. "लेन्स बसवायला आला होतास तेव्हा. पण खांबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. शिडीसाठी छातीवर बांधलंय म्हणालास की संपलं. बाईच म्हणाल्यात हात मोकळे ठेवा. तुझ्यासाठी दार आपोआप उघडलंय आणि तू खिडकीतून उडी मारायला निघालास."

"आणि चौदा?"

"एका भेगेने टाकी फुटते का? पुढच्या वर्षी पुन्हा बघतीलच की त्या."

"आणि फुटली तर?"

"मग तुझ्या नावाने कोण ओरडणार आहे? तुझं नाव तरी कुणाला माहीत आहे?" भिंग्याने हे चेष्टेने म्हटलं, पण म्हणून झाल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नाही. "चहा घेतोस?" त्याने विचारलं. खांब नको म्हणाला. कप दोन हातांनी धरावा लागतो, आणि आज तेवढीही ताकद नव्हती.

घरी त्याने बायकोला विचारलं, "काय करू?" तिने दोरा दाताने तोडला. "ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पट्टा शिवलाय, तुमचं तोंड नाही शिवलं."

शुक्रवारी आठ वाजता तो टाकीच्या झाकणापाशी पोचला. उजव्या खांद्यावर मोठा कॅमेरा, छातीवर पट्ट्यात लहान. पंपावरचा माणूस झाकणाच्या कडेला बसला होता. "काय हे खांबदादा, दोन दोन? एक विकायला आणलाय का?" इंजिनिअर बाई डोक्यावर दिवा बांधून तयार होत्या. त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. "अरे वा. चांगली युक्ती केलीत. शिडीसाठी ना?"

भिंग्या म्हणाला होता ते दार उघडंच होतं. खांब "हं" म्हणाला, मोठा कॅमेरा झाकणापाशी ठेवला आणि शिडी उतरू लागला.

आत तीच ओल, तोच थेंब. बाईंनी दिवा धरला आणि तो एक नंबरपासून चालू लागला. एक पाऊल, एक सेकंद. लहान कॅमेरा छातीवर मुकाट बसला होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला काही लावलेलं नव्हतं. अकरा वर्षं ज्या भिंतीकडे त्याने काचेतून पाहिलं होतं, ती आता उघड्या डोळ्यांना दिसत होती. चुन्याचे ओघळ, दगडी खडीचे तुकडे, कुणा गवंड्याच्या बोटांचे जुने ठसे. दहा. अकरा. बाई मागे चालत होत्या, त्यांची पावलंही आपोआप त्याच्या पावलांशी जुळली होती. बारा. तेरा.

चौदापाशी तो थांबला. टाकीत मधेच थांबायचं नसतं. थांबलं की अख्खी भिंत पुन्हा पहिल्यापासून. बाई दचकल्या. "काय झालं दादा?"

त्याने नख भेगेला लावलं. नखाची कड आत गेली. पूर्वी जायची का? त्याने कधी लावून बघितलं नव्हतं.

"मॅडम, चौदाची मागच्या वर्षीची फिल्म धरू नका."

"का?"

"हललीय ती."

"ते माहीत आहे. वायर पायात आली होती ना तुमच्या."

"वायर आली नव्हती. हात हलला होता." त्याने उजवा हात दिव्याच्या उजेडात पुढे केला. हात काही वेळ शहाण्यासारखा राहिला आणि मग थरथरू लागला. "दोन वर्षं झाली. मी बोललो नाही. हललेल्या चित्रात भेग जाड दिसते, मॅडम. यंदाची तिच्या शेजारी ठेवलीत तर वाटेल, होती तशीच आहे. तशी आहे का नाही, मला सांगता येणार नाही. तुम्हालाही सांगता येणार नाही."

बाईंनी दिवा भिंतीकडे वळवला. मग त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून भेगेची रुंदी मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा काढला, कागदाहून पातळ ते नखाएवढी जाड अशी पाती, आणि गुडघ्यावर बसून एक पातं भेगेत घातलं. गेलं. त्याहून जाड. तेही गेलं. तिसरं अडलं. त्यांनी वहीतली मागची पानं उलटली, हललेल्या फिल्मच्या आधीच्या वर्षाची, आणि तिथल्या, आजच्याहून लहान आकड्यावर बोट ठेवलं.

"अकरा वर्षं मी तुमच्या पावलांवर मोजतेय, दादा," त्या वर न बघता म्हणाल्या. "तुम्ही वायर म्हणालात, मी वहीत वायर लिहिलं. हे बघा. माझ्या अक्षरात आहे."

त्याने वाकून ते अक्षर वाचलं. तो उभा राहिला. त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त पाय दुखत असल्याचं लक्षात आलं.

बाई उठल्या आणि झाकणाच्या उजेडाकडे तोंड करून ओरडल्या, "उद्या पाणी सोडायचं नाही!"

वरून पंपावरच्याचा आवाज घुमत आला, "मॅडम, सगळीकडून फोन येतील!"

"येऊ देत. मी बोलेन!"

मग त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिलीचं टोक बघितलं. "आज तुम्ही चाला, सगळ्या भिंती, पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वर्षाचं मी आत्ता काही बोलत नाही. ते मलाच माहीत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अजून कुठे कुठे हललं होतं?"

खांबाला आठवावं लागलं नाही. वर्षभर ते आकडे त्याच्यासोबत जेवले होते, जिने चढले होते, दाढी करताना आरशात उभे राहिले होते.

"एकतीस," तो म्हणाला. "बत्तीस. सत्तावन्न, पण फक्त खालची अर्धी. मग एकदम एकशे चार."

"सावकाश," बाई म्हणाल्या. "एकेक सांगा. लिहून घेतेय."